क्षुल्लक कारणावरून

इंग्लंडमधल्या खेड्यात राहण्याचे दोनच तोटे आहेत, असं ते म्हणत. एक, तिथे दर आठवड्याला खून पडतो. दोन, चहाबरोबर दूध वेगळ्या भांड्यात देतात. पहिल्याची सवय करून घेता येईल, असं त्यांचं मत होतं. दुसऱ्याची सवय त्यांनी लालबागच्या चाळीत बसून करून पाहिली. वहिनींनी दोन दिवस दूध वेगळं दिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहो, भांडी वाढवायची हौस असेल तर घासायलाही बसा." त्या दिवसापासून चहा पुन्हा एकत्र उकळू लागला.

इंग्लंड त्यांनी पाहिलं नव्हतं. पासपोर्टही नव्हता. निवृत्त झाल्यावर मुलाने मोठा टीव्ही आणून भिंतीवर लावला, त्याला इंटरनेट जोडून दिलं आणि तो बंगळूरला नोकरीवर परत गेला. त्यानंतर काही महिन्यांतच ते इंग्लंडच्या ग्रामीण भागाचे जाणकार झाले. दुपारचं जेवण झालं की गॅलरीकडचं दार उघडं टाकून ते खुर्चीत बसत. पडद्यावर हिरवं कुरण, दगडी चर्च, सायकलवरून जाणारी बाई. मग किंकाळी. गॅलरीतून जाणारं कोणीतरी दारात थबकून विचारी, "काका, आज कोण गेला?" सूर असा, की मयत दुसऱ्या मजल्यावरचाच असावा.

निवृत्त माणसाने खुनाच्या मालिका बघणं यात नवल नाही. नवल एवढंच, की या गृहस्थांनी नोकरीची सगळी वर्षं खरे खून लिहिण्यात घालवली होती, आणि त्या काळात त्यांतल्या एकाही खुनात त्यांना रस असल्याचं कोणाला आढळलं नव्हतं.

आमच्या वर्तमानपत्रात ते गुन्ह्यांच्या बातम्या बघत. मी डेस्कवर नवा होतो. संध्याकाळी ते खांदा आणि कान यांच्यामध्ये रिसीव्हर धरून एकेका पोलीस ठाण्याला फोन लावत आणि ऐकता ऐकताच बातमी लिहून टाकत. बातमी चार ओळींची. पहिल्या ओळीत इसम, दुसऱ्या ओळीत धारदार शस्त्र, तिसऱ्या ओळीत कारण, चौथ्या ओळीत पुढील तपास. कारण बहुतेक वेळा क्षुल्लक असे. 'क्षुल्लक कारणावरून' हे शब्द त्यांच्या बातम्यांत इतक्या नियमाने येत, की ऑफिसात कोणी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, तरी आम्ही म्हणायचो, "क्षुल्लक कारणावरून गेला."

परळच्या एका चाळीत नळावरच्या भांडणात एकाने शेजाऱ्याला मारलं, तेव्हा मी हौसेने स्वतः तिथे जाऊन आलो होतो. दोन घरांचं वैर जुनं होतं. लग्नाला न दिलेलं बोलावणं, गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी, एकाच्या मुलाला मिळालेली आणि दुसऱ्याच्या मुलाची हुकलेली नोकरी, असं सगळं त्यात होतं. मी पाऊण कॉलम लिहिला. त्यांनी तो पेन्सिल घेऊन वाचला आणि चार ओळी ठेवल्या.

"अरे, नळावर मारला ना? मग झालं."

"पण त्याच्यामागे केवढं—"

"मागे सगळ्यांच्याच असतं. जागा कुठाय?"

त्या चार ओळींत तिसरी ओळ काय होती, हे सांगायला नको.

पुढे बऱ्याच वर्षांनी, म्हणजे इंग्लंडचा नाद लागल्यावर, त्यांनी एकदा मालिका मध्येच थांबवून मला विचारलं, "त्या नळावरच्या माणसाचं नाव काय होतं रे?"

मला आठवलं नाही. त्यांनाही आठवत नव्हतं.

"इसम," ते म्हणाले आणि मालिका पुढे सुरू केली.

मी दादरला राहत असल्यामुळे महिन्या-दोन महिन्यांतून त्यांच्याकडे चक्कर होई. गेलो की कुठल्या तरी उमरावाच्या बंगल्यात प्रेत पडलेलंच असे. ते मला सगळ्यांची ओळख करून देत. पाद्री म्हणजे भटजी. पोस्ट सांभाळणारी म्हातारी म्हणजे आपल्या चाळीची गॅलरी. सगळी खबर तिच्याकडे. निवृत्त कर्नल म्हणजे चाळीच्या मंडळाचे चिटणीस तावडे; काठी घेऊन फिरतो, लोकांच्या फाटकाबद्दल तक्रारी करतो. हिरवळीवर मात्र त्यांचा राग होता. एका खोलीच्या घरात जन्म गेलेला माणूस ती हिरवळ वेगळ्या डोळ्यांनी बघतो. "एवढी जागा आणि नुसतं गवत," ते म्हणत. "खून होणार नाही तर काय?"

पोलिसांबद्दल त्यांना अचंबा वाटे. तिथला इन्स्पेक्टर दार वाजवून आत येऊ का म्हणून विचारतो. संशयित बाई गुलाबाच्या फांद्या छाटत जबाब देते आणि तो कात्री थांबेपर्यंत उभा राहतो. पण त्यांचं खरं कौतुक मयताबद्दल होतं.

"बघ, तिथे प्रेतालासुद्धा स्वभाव असतो," ते म्हणाले. "हा मेलेला माणूस कंजूष होता, बहिणीशी बोलत नव्हता, कुत्र्यावर जीव होता. मेल्यावर त्याची एवढी माहिती काढतात. मी एवढी वर्षं लिहिलं. माझ्या माणसांना काय होतं? वय."

एका भागात गावच्या जत्रेतली भोपळ्यांची स्पर्धा होती. दरवर्षी पहिला येणारा म्हातारा भोपळ्यांच्याच मांडवात मरून पडलेला. माग काढत काढत कारणही भोपळाच निघाला. मी म्हटलं, "म्हणजे क्षुल्लक कारणावरूनच की."

त्यांनी रिमोट दाबून पडदा थांबवला.

"कारण क्षुल्लकच असतं रे. इथेही तेवढंच, तिथेही तेवढंच. फक्त तिथे दीड तास ऐकून घेतात."

इंग्लंडमधल्या खेड्यांचं आकर्षण काय, यावर मी पुढे बरंच वाचलं. यापेक्षा थोडक्यात सांगितलेलं सापडलं नाही.

तक्रार त्यांची एकच होती. शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवायचं, नाव सांगायचं, खुन्याला गाडीत घालायचं आणि डिटेक्टिव्हने दुसऱ्या गाडीतून निघून जायचं. "आणि दुसऱ्या दिवशी?" ते विचारत. "खुन्याच्या बायकोला पाव कोण देतं? तिच्याशी कोण बोलतं? ते दाखवत नाहीत." वहिनी तांदूळ निवडता निवडता म्हणत, "दाखवलं तर तुम्ही बघाल का?" वहिनी मालिका कधी नीट बघत नसत. येता-जाता एखादी नजर टाकत आणि पहिल्या अर्ध्या तासात म्हणत, "हा डॉक्टर." बहुतेक वेळा डॉक्टर निघे. कसं ओळखलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि यांनीही कधी विचारलं नाही.

न विचारण्याचा हा गुण जुना होता. ऑफिसात असताना माझ्या आईने एकदा त्यांच्यासाठी नारळाच्या वड्या दिल्या होत्या. डबा त्यांनी परत आणला आणि मला द्यायचा विसरून खणात ठेवला. काही दिवसांनी खणात मुंग्यांची रांग लागली. त्यांनी कँटीनवाल्याला बोलावून झापलं, "मुंग्या पाळता काय रे तुम्ही?" कँटीनवाल्याचा काही दोष नव्हता. वहिनींनी डबा घासून त्यात चिमूटभर साखर घातली होती. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपल्याकडच्या घराघरांतली रीत. पण ती रीत ज्यांना भांडी परत करावी लागतात त्यांच्यासाठी असते. यांनी आयुष्यात ते काम केलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गिरणगावात टोळ्यांच्या मारामाऱ्या चालू होत्या त्या काळात त्यांच्या चार ओळींत एकदा एक नाव खरं छापून गेलं. ऑफिसात धमकीचा फोन आला. फोनवरचा माणूस सभ्य भाषेत बोलला, हे त्यांना जास्त खटकलं. त्यानंतर कित्येक आठवडे ते घरी गेले नाहीत. ऑफिसात जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांवर झोपत. वहिनी रोज दुपारी डबा घेऊन फाटकापाशी येत. वर येत नसत. हे खाली जात, डबा घेत, रिकामा डबा देत आणि चाळीत सगळं ठीक आहे ना, एवढं विचारत. एके दिवशी तो फोन करणाराच चार ओळींत आला. बातमी यांनीच लिहिली. कारण, पूर्ववैमनस्य. त्याच संध्याकाळी ते घरी गेले. त्या आठवड्यांविषयी पुढे ते कधी बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही.

आता उंदराविषयी.

चाळीच्या गणपतीची थोडी चांदी होती. मोदक, दूर्वांची जुडी, जास्वंदीचं फूल आणि बोटभर लांबीचा एक उंदीर. लोकांनी त्या त्या वेळी वाहिलेल्या या वस्तू जिन्याखालच्या मंडळाच्या खोलीत एका लोखंडी पेटीत, मंडळाच्या समईबरोबर ठेवलेल्या असत. उंदराला स्वतःची स्टीलची डबी होती, आत कापूस. किल्ली चिटणीस तावडे यांच्या घरी खिळ्याला.

चाळ पुनर्विकासात जाणार हे पक्कं झालं, तेव्हा तावड्यांनी अंगणात सभा घेतली. पुढचा गणपती जुन्या अंगणातला शेवटचा. तो दणक्यात व्हायला हवा. तेव्हा ही सगळी बारीकसारीक चांदी वितळवून देवाला एक मोठा मुकुट करावा, असा ठराव तावड्यांनी मांडला आणि हात वर करायला सांगितले. यांनीही हात वर केला. मान वर केली नाही. त्यांच्या मोबाइलवर त्या वेळी एका पाद्र्याचं प्रेत विहिरीत सापडत होतं.

मध्ये चाळीचा सत्यनारायण झाला. त्यानंतर चांदी सोनाराला द्यायची म्हणून तावड्यांनी पेटी उघडली, तर आत मुंग्याच मुंग्या. त्या झटकून एकेक वस्तू मोजली. उंदराची डबी होती. कापूस होता. उंदीर नव्हता.

संशय सुनंदावर गेला. सुनंदा मंडळाची खोली झाडायची आणि चाळीतल्या चार घरांची धुणीभांडी करायची. त्यांतलं एक घर यांचं. उंदीर गेल्याचं कळलं तेव्हा ती कणकवलीकडे गावी होती, भातकापणीला. "गेली नाही, पळाली," असं गॅलरीत ठरलं. ती कापणी आटोपून परत आली तोवर तीन घरांनी दुसरी बाई बघितली होती. घरकामाच्या बाईची शिफारस एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत जाते. बदनामीही त्याच वाटेने जाते. चोर म्हणून नाव झालं असतं, तर लालबाग-परळात तिला पुन्हा घर मिळणं कठीण होतं.

आली त्याच सकाळी ती यांच्या दारात येऊन उभी राहिली. "चवथीचो चंद्र बघितलंय मी, काका," ती म्हणाली. "तेचाच ह्या."

चतुर्थीचा चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो. तो देवालाही चुकला नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. यांना ते पटलं नाही. "चंद्र साक्षीला येणार आहे का?" ते म्हणाले. "आळ आलाय ना? मग चोर शोधायचा."

तावडे पोलिसांत जायच्या विचारात होते. यांनी त्यांना अडवलं. "पोलीस काय करतील? अज्ञात इसम लिहून कागद फायलीला लावतील. मला विचारा. मी शोधतो. रविवारी सगळ्यांना इथे बसवून नाव सांगतो."

वहिनी मेथी निवडत होत्या. हातातली काडी तशीच धरून त्यांनी यांच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होत्या. मग म्हणाल्या, "शोधा. एवढं बघता, तर शोधा एकदा."

हे मला नंतर कळलं. मला फोन आला तो एवढाच, की रविवारी सकाळी ये, उलगडा आहे. घरी पूजा आहे हे ज्या सुरात सांगतात त्या सुरात.

तपास त्यांनी नमुनेदार केला. ऑफिसच्या फोटो विभागातून निवृत्तीच्या दिवशी उचलून आणलेलं घडीचं भिंग बाहेर काढलं. डबी त्याखाली धरली, तेव्हा तळाशी कापसाला चिकटलेले साखरेचे ओलसर दाणे दिसले. मग घरोघरी जबाब. दार वाजवून "आत येऊ का" विचारत. चाळीत दारं उघडीच असल्यामुळे लोक गोंधळत. प्रत्येक घरी चहा झाला. तावड्यांना त्यांनी विचारलं, "घटनेच्या वेळी आपण कुठे होता?"

"काका, उंदीर गेलाय," तावडे म्हणाले. "माणूस नाही."

"उंदराची पार्श्वभूमी?"

"तुम्ही मला विचारता? तुमच्याच नावचा उंदीर तो. तुम्ही ऑफिसात झोपायचात, त्या वर्षी आला."

"आईने दिला असेल," ते म्हणाले आणि मुंग्या कोणत्या बाजूने आल्या, ते विचारू लागले.

रविवारी मी पोचलो तेव्हा खोली भरली होती. इंग्लंडमध्ये यासाठी दिवाणखाना असतो, शेकोटी असते, पाय ठेवायला गालिचा असतो. इथे पलंगावर सहा जणं, खिडकीत दोन मुलं, बाकीचे गॅलरीतून माना आत घालून. वहिनी ओट्यापाशी सगळ्यांचा चहा टाकत होत्या. सुनंदा उंबऱ्यावर बसली होती, धड आत नाही, धड बाहेर नाही. वातावरणनिर्मितीसाठी टीव्ही आवाज बंद करून चालू ठेवला होता. त्यावर मेंढ्या चरत होत्या.

त्यांनी सुरुवात चांगली केली. "तावडे, सत्यनारायणाच्या दिवशी पेटी उघडलीत तेव्हा मुंग्या होत्या?"

"नाही. असत्या तर समई काढतानाच दिसल्या असत्या."

"त्यानंतर पेटी कधी उघडली?"

"सोनाराकडे द्यायला काढली तेव्हाच. मधे कुलूप होतं. किल्ली खिळ्यावर, खाली आमची म्हातारी दिवसभर बसलेली."

"म्हणजे मुंग्या आल्या सत्यनारायणानंतर. मुंग्या आल्या साखरेमुळे. साखर डबीत पडली ती सत्यनारायणाच्या दिवशी. आणि सुनंदा गावी गेली कधी?"

खोलीत हिशेब झाला. सत्यनारायणाच्या आधीच. तिच्या हातचा प्रसादाचा शिरा त्या दिवशी चुकला म्हणून चाळीत कुरकूरही झाली होती.

तावड्यांनी घसा साफ केला. सुनंदाने पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती, ते दिसलं नाही.

इथे थांबायला हरकत नव्हती. ज्यासाठी सभा भरवली ते काम झालं होतं. पण मालिकेत इथे कोणी थांबत नाही.

"आता चोर," ते म्हणाले आणि भिंग हातात घेतलं. "डबीत साखर का? चोराने प्रसाद खाल्ला होता. हात चिकट. त्याच हाताने त्याने उंदीर उचलला. म्हणजे चोर घाईत होता, गोड खाणारा होता आणि—"

ते बोलत होते आणि खोलीतल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. पुरुष ऐकत होते. बायका ऐकत नव्हत्या. त्यांचं ऐकून झालं होतं. इतकी वर्षं लोकांची गप्प तोंडं बघितलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागला नाही.

"काय?" त्यांनी विचारलं.

शेवटी तावड्यांची बायको म्हणाली, "काका, भांडं रिकामं ठेवतं का कोणी परत?"

"म्हणजे?"

"आतलं घेतलं की चिमूटभर साखर टाकायची. सवय असते. हात जातोच."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मला खणातल्या मुंग्या आठवल्या. त्यांनाही बहुतेक त्याच आठवत असाव्यात.

"म्हणजे चोर गोड खाणारा नाही," ते सावकाश म्हणाले. "चोर बाई आहे. चोरी करतानासुद्धा डबी रिकामी ठेवायला जिला जड गेलं, अशी बाई. त्या दिवशी तावड्यांनी कुलूप काढलं आणि ते केळीचे खांब आणायला गेले. समई काढायला पेटीपाशी गेली होती ती—"

वाक्य तिथेच राहिलं. त्यांच्या बातम्यांत वाक्य कधी अर्धवट राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

चहा उतू जाऊ लागला होता. वहिनींनी गॅस बंद केला.

"मी गेले होते," त्या म्हणाल्या.

त्यांनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, उंदीर काढला, पदराने पुसला आणि टीव्हीखालच्या फळीवर ठेवला. वर मेंढ्या अजून चरत होत्या.

"मुंग्या झाल्या होय?" त्या तावड्यांच्या बायकोला म्हणाल्या. "मला वाटलं झाकण घट्ट आहे."

मग यांच्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाल्या, "वितळवणार होते ना. तुम्ही हात वर केलात."

तावडे गोंधळले होते. सभेत बहुमताने झालेल्या ठरावाचं असं काही होऊ शकतं, ही शक्यता त्यांनी धरलेली नव्हती. "पण काकी," ते म्हणाले, "एवढ्याशा उंदरासाठी? कारण काय?"

गॅलरीतल्या माना आणखी पुढे झाल्या. मालिकेतली ही जागा यांना सगळ्यात प्रिय. इथे डिटेक्टिव्ह जरा थांबतो, खिडकीतून बाहेर बघतो आणि मग पन्नास वर्षांमागचं सगळं सांगू लागतो. यांनी उंदीर हातात घेतला, भिंगाखाली धरला आणि गरजेपेक्षा बराच वेळ बघितला. "त्या वर्षीचा," ते वहिनींना म्हणाले. वहिनींनी मान हलवली. नवस देवाला बोलतात आणि तो ज्याच्यासाठी बोलतात त्याला सांगितलाच पाहिजे असं नसतं. विचारलं तर गोष्ट वेगळी.

"काका, कारण?" तावड्यांनी पुन्हा विचारलं.

त्यांनी भिंग मिटलं.

"क्षुल्लक कारणावरून, तावडे."

"अहो, पण—"

"पुढील तपास बंद."

गॅलरीतल्या माना मागे सरू लागल्या. मग उंबऱ्यावरून आवाज आला.

"तुमचो तपास बंद. माझो नाय," सुनंदा म्हणाली. ती उभी राहिली होती. "काकी, हेंनी माका चोर म्हटल्यानी. मी दारात इलंय, तुमच्यासमोर बोललंय. तेव्हा तुमी गप रवलात."

"तू आलीस त्याच दिवशी बोलणार होते," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी रविवार ठरवला. म्हटलं, बघू, ह्यांना दिसतंय का."

"तुमी बघीत रवलात. माझी तीन घरा गेली."

"बरोबर आहे तुझं," वहिनी म्हणाल्या.

"त्या तिघींनी आता बोलवल्यानी तर जाईन. तुमच्याकडे मी येवचंय नाय."

आणि ती चहा न घेता गेली.

तिन्ही घरांतून तिला दुपारपर्यंत निरोप गेले. ती गेली. पगार वाढवून मागितला आणि कोणी घासाघीस केली नाही. मुकुटही झाला, एका उंदराने हलका. उंदीर तावड्यांनी स्वतः डबीत घालून पेटीत ठेवला आणि ठरावात दुरुस्ती केली. चाळीत पुढे काही दिवस लोक वहिनींशी जरा जपून बोलत. मग तेही संपलं. वहिनी दोनदा सुनंदाच्या घरी जाऊन आल्या. तिने चहा दिला, गावचे पोहे दिले, पण कामाला यायचं नाव काढलं नाही.

दिवाळीनंतर मी गेलो तेव्हा दार नेहमीसारखं उघडं होतं. टीव्ही मोठ्या आवाजात चालू होता आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीत वहिनी बसल्या होत्या. हे मोरीत पाटावर बसून भांडी घासत होते. दुसरी बाई ठेवायची नाही, असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. कारण विचारण्यात अर्थ नव्हता. ते त्यांनी एका शब्दात सांगितलं असतं.

"कोण निघाला गं?" त्यांनी मोरीतून विचारलं.

"सांगत नाही. भांडी होऊ देत."

"डॉक्टर ना?"

"घासा तुम्ही."

तेवढ्यात सुनंदा शेजारच्या घरी जाताना दारात थांबली. आत आली नाही. मान वाकवून मोरीतल्या ढिगाकडे पाहिलं. "काका, कढई पाठीमागूनसुद्धा असता," ती म्हणाली आणि पुढे गेली. त्यांनी कढई उलटी केली.

मी म्हटलं, "तुमची तक्रार होती ना, दुसऱ्या दिवशी काय होतं ते दाखवत नाहीत म्हणून."

"बरोबर करतात," ते म्हणाले. "फार लांबतं ते."

मी फराळाचा डबा नेला होता. वहिनींनी चकल्या काढून घेतल्या आणि डबा मोरीकडे सरकवला. त्यांनी तो घासला, विसळला, पंच्याने पुसला आणि ओट्यापाशी जाऊन थोड्या वेळाने झाकण लावून माझ्या हातात दिला.

बस स्टॉपवर डबा जड वाटला म्हणून उघडून पाहिला. आत साखर होती. चिमूटभर नव्हे, चांगली वाटीभर. त्यांना अजून अंदाज आलेला नव्हता.